पुठ्ठ्याची खिडकी

शाळेच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले. आईबापांनी मुलांना मांडीवर घेतलं होतं, आणि मुलं काही मांडीवर मावण्याच्या वयाची नव्हती. तिसरी-चौथीतली सगळी. वाचताना अडणारी, वर्गात ‘ढ’ म्हणून हिणवली गेलेली. मंचावर महाराज बसले होते. बोटांत अंगठ्या, समोर तेलाची बाटली, आवाजात साखर.

“या मुलांच्या मेंदूत अक्षरं वटवाघळासारखी उलटी टांगलेली असतात,” ते सांगत होते. “शिक्षक छडी मारतात. छडीने वटवाघूळ सुलटं होतं का? मी नुसता दिवा लावतो.”

टाळ्या पडल्या. दिवा लावला तर वटवाघूळ उडून जातं, सुलटं होत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग त्यांनी माझ्या नातीला वर बोलावलं. तिला आम्ही चिमणी म्हणतो. डिस्लेक्सिया आहे तिला.

आमची ही याच शाळेत अशा मुलांना शिकवायची. व्हरांड्याच्या टोकाला तिची खोली. तिथे वाळूचे ट्रे होते, खरखरीत कागदाची अक्षरं होती. मूल अक्षर बोटाने गिरवायचं, त्याचा आवाज तोंडाने काढायचं, मग पुढचं अक्षर. बघणाऱ्याला जांभई यावी इतकं सावकाश काम. मी तिला पुठ्ठे कापून द्यायचो, मधोमध एक शब्द दिसेल एवढी खिडकी असलेले. पानावर ठेवला की बाकीची गर्दी झाकली जाते आणि मुलासमोर एकच शब्द उरतो. हिवाळ्यात ती गेली. खोलीला कुलूप लागलं आणि चिमणीचं वाचन तिथेच थांबलं.

सूनबाईंना कुणीतरी महाराजांचं नाव सांगितलं. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, “बाबा, आई असत्या तर मी त्यांच्या दारात तरी गेले असते का?” आणि त्यांनी चिमणीला महाराजांच्या शिबिराला घातलं.

महाराजांनी चिमणीच्या कपाळाला तेल चोळलं. तेल ओघळून तिच्या भुवईत उतरलं, तरी पोरीने ते पुसलं नाही. पुस्तक हातात दिल्यावर तिने डोंगरावरच्या शाळेचा धडा घडाघडा म्हटला. कुठे अडली नाही की थांबली नाही. सूनबाई रडायला लागल्या.

“ही वाचत नाहीये,” महाराज हळूच म्हणाले. “हिची आजी याच शाळेत बाई होती. ती माउली हिच्या कानात वाचतेय.”

लोकांनी हात जोडले. तेलाच्या बाटलीशेजारी त्या माणसाने माझी मेलेली बायको आणून ठेवली होती. त्यातच मुख्याध्यापकांनी उठून जाहीर केलं की बाईंची खोली आता महाराजांच्या केंद्राला देणार. येताना मी पाहिलं होतं, वाळूचे ट्रे व्हरांड्यात काढून ठेवले होते आणि त्यांत लोकांनी चपला काढल्या होत्या.

पण मी पहिल्या रांगेत होतो, आणि एक गोष्ट मला दिसली होती. आजीने लावलेल्या सवयीने चिमणी ओळीखालून बोट फिरवत होती. बोट पानाच्या तळाला जाऊन थांबलं, तरी जीभ चालूच होती.

मी मंचावर गेलो. बायकोच्या वापरातला एक पुठ्ठा माझ्या खिशात असतो. तो पानाच्या मध्यावर ठेवला आणि म्हणालो, “चिमणे, एवढा एकच शब्द सांग.”

तिने पाहिलं. ओठ हलले. ती धडा पहिल्यापासून पुटपुटत होती, पाढ्यातला आकडा सापडेना की मुलं पहिल्यापासून पाढा म्हणतात तशी. मग भलताच शब्द बोलली.

महाराज हसले. “अविश्वासी माणसाच्या सावलीने शक्ती मागे हटते.”

“मग मी खाली जाऊन उभा राहतो,” मी म्हणालो. “पुठ्ठा तुम्ही धरा.”

त्यांनी धरला नाही. सूनबाई डोळे पुसत वर आल्या आणि त्यांनी धरला. त्यांची सावली तर अविश्वासी नव्हती. खिडकी त्यांनी या शब्दावरून त्या शब्दावर नेली. एकही शब्द पोरीला येईना.

“आई, आजी आता येणार नाही,” चिमणी रडत म्हणाली. “ताई म्हणाली होती, खोलीतलं कुणाला सांगितलं तर आजी यायची बंद होईल.”

ताई म्हणजे महाराजांची शिष्या. बाकीचं पोरीनेच हुंदके देत सांगितलं. शिबिरात मुलांना बंद खोलीत डोळे मिटून बसवायचं आणि हिने तोच धडा पुन्हा पुन्हा वाचायचा, की झाला चमत्कार. वाचता न येणारी ही मुलं वर्गात कानावरच तग धरून असतात. ऐकलेलं बरोबर लक्षात ठेवतात. महाराजांनी त्यांची तीच हुशारी चोरली आणि वर पोरीला आजीची भीती घातली.

एका बसचालकाने सूनबाईंच्या हातातून पुस्तक आणि पुठ्ठा घेतला आणि शिबिराला जाऊन आलेल्या आपल्या मुलापुढे धरला. तिथेही तेच. मग पुठ्ठा रांगेतून फिरायला लागला. मुख्याध्यापक कुणाशी तरी फोनवर बोलत बाहेर गेले. महाराज मागच्या दाराने निघाले, आणि निघतानाही दोघातिघांनी त्यांचे पाय धरलेच. त्या लोकांचं काय करावं, मला माहीत नाही.

पुठ्ठा परत आल्यावर सूनबाईंनी तो एका शब्दावर ठेवला आणि आपला तळहात पुढे केला. “आजी शिकवायची तसं.” चिमणीने त्यावर बोटाने एकेक अक्षर गिरवलं, एकेक आवाज काढला. एकदा चुकली, पुसल्यासारखा हात फिरवला, पुन्हा गिरवलं. “डोंगर,” ती म्हणाली. तो डोंगरच होता. टाळी कुणी वाजवली नाही. एवढ्या सावकाश घडणाऱ्या गोष्टीला टाळी कुठे वाजवायची, ते लोकांना कळत नाही.

मी व्हरांड्यात जाऊन ट्रेमधल्या चपला बाहेर काढल्या.

अशी मुलं मठ्ठ नसतात, शापित नसतात. अक्षर आणि आवाज यांची सांगड त्यांना उशिरा बसते, आणि ती शिकवून बसते, तेलाने नाही. तुमच्या मुलावर कुणी चमत्कार केला, तर एक पुठ्ठा घ्या, शब्दाएवढी खिडकी कापा आणि पानाच्या मध्यावर ठेवा. मूल अडखळलं तर घाबरू नका. ते वाचतंय.