मनगटावर दाबा, गुरुजी!

रविवारी सकाळी सुतारकामाच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रंधे, करवती बाजूला सारून पन्नासेक पुरुष माना उंचावून उभे होते. मधोमध एका ओंडक्यावर तेजोगुरू विराजमान. पिवळाजर्द झगा, हातात व्हिटॅमिन डीच्या थेंबांची बाटली.

"बंधूंनो, छपराखाली राबून तुमच्यातला सूर्य मावळला! व्हिटॅमिन डी गेलं की पुरुषाचं हार्मोन गेलं. आणि हार्मोन गेलं की उरतं काय?"

"मिशा!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला, पण हसणाऱ्यांचीही नजर बाटलीवरून हटेना.

गुरूंनी करवतीवरच्या धिप्पाड गड्याला पुढे बोलावलं. त्याचा हात आडवा धरायला लावून दोन बोटांनी दाबला. हात धपकन खाली! मग जिभेवर पाच थेंब, थोडं पुटपुटणं आणि पुन्हा दाब. या खेपेला गुरू जवळजवळ लोंबकळले, तरी हात ढिम्म हलेना. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघितलंस?" गर्दीतले एक सुतारकाका सोबत आलेल्या पुतणीला म्हणाले. "मी दिवसातून चारदा घेतो. आजचे तेवढे राहिलेत."

"राहू देत."

पुतणी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. महिनाभरात काकांची पार रया गेली होती. सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, पोट साफ नाही. गुरूंचं उत्तर ठरलेलं : "तेज मुरतंय." गेल्या वर्षी तिच्या बाबांना काढा देणारा वैदूही असंच म्हणाला होता, "काढा मुरतोय." तेव्हा मोठ्यांपुढे कसं बोलायचं म्हणून ती गप्प बसली. आधी बाबांची मूत्रपिंडं गेली, मग बाबा. काका त्यांचे धाकटे भाऊ.

ती गर्दीतून पुढे झाली.

"दादा," तिनं त्या गड्याला विचारलं, "तेज आहे ना अजून अंगात?"

"काठोकाठ!"

"गुरुजींनी आधी कुठे दाबलं?"

"इथे, मनगटावर."

"आणि थेंबांनंतर?"

गडी घुटमळला. "इथे... कोपराच्याही वर."

काकांच्या कानामागची पेन्सिल घेऊन तिनं दोन्ही ठिकाणी रेघा मारल्या. "आता पुन्हा मनगटावर दाबा, गुरुजी."

"तेजाची परीक्षा घेऊ नये, ताई."

"मग मीच घेते." तिनं मनगटावर दोन बोटं टेकून दाब दिला. हात धपकन खाली! काठोकाठ भरलेला गडी रिकामा झाला. मग "काकांनी आज थेंब घेतलेले नाहीत," म्हणत तिनं त्यांचा हात आडवा धरायला लावला आणि कोपराच्या वर सगळा भार टाकला. हात हलला नाही.

"बिनथेंबाचं तेज!" मघाशी 'मिशा' म्हणून ओरडलेला पुन्हा बोलला.

काका मात्र भिंतीवरच्या कटावणीकडे बघत राहिले. "अरे, खिळा उपसताना दांडा टोकाशी धरतो आपण! मधे धरला तर निघतो का? जन्म गेला यात, आणि या बाबानं आपल्याच हाताचा दांडा केला तर कळलं नाही आपल्याला!"

"आज आभाळ आलंय, तेज पोचत नाही," म्हणत गुरू बाटली झग्यात सरकवू लागले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. दाराशी त्यांनी शेवटचा बाण सोडला. "व्हिटॅमिन डी कमी असतं, हे काय खोटं आहे?"

"नाही, खरं आहे," ती म्हणाली. "म्हणून तर त्याच्या आडून खोटं खपतं. कमी असेल तर डॉक्टर रक्त तपासून मोजून देतात. हाडांना त्याची गरज असते. त्यानं पुरुषी हार्मोन वाढतं, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. आणि अति झालं तर रक्तात कॅल्शियम साठतं, मूत्रपिंडं बिघडतात. काका, ती तहान तेजाची नाही."

काका ओशाळले. हळूच म्हणाले, "पण मर्दानगीचं काय गं?"

"काका, तुम्ही मला हवे आहात. जसे आहात तसे."

काका कपड्यांवरचा भुसा झटकून तिच्यामागून निघाले.

तपासणीत काकांच्या रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीच्या वर निघालं. डॉक्टरांनी थेंब बंद केले, सलाइन लावलं. आठवड्यानं तहान आटोक्यात आली. आणखी महिना गेला असता तर काय झालं असतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

चमत्कार दिसला तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा : आधी कुठे दाबलं, नंतर कुठे दाबलं? शरीरात काय कमी आहे ते तपासणीतून कळतं, गर्दीत उभं राहून कळत नाही. घरातलं माणूस कोणाच्या नादी लागलेलं दिसलं, तर मान राखत गप्प बसू नका. बोला. रुसेल, चिडेल, पण आपल्यात राहील.