घरची टॉकीज

नवा टीव्ही जगभरचं सगळं दाखवत होता, फक्त घरचं तेवढं दाखवत नव्हता.

बाबांच्या पश्चात आईला सोबत हवी म्हणून दोघा भावंडांनी तो घेतला होता, आणि थोरलीने मागच्या खेपेला स्वतः उभं राहून सुरू करून दिला होता. इंटरनेटवरचं म्हणाल ते त्यावर दिसे. पण जुन्या टीव्हीवर बटण दाबताच ‘टॉकीज’ अशी पाटी यायची, ती काही येईना.

बाबांचा उभा जन्म चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवण्यात गेला. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी घरातली सगळी चित्रणं आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर भरली आणि ती वायफायवरून बाहेरच्या टीव्हीवर दिसतील अशी सोय केली. त्या सोयीचं नाव टॉकीज. आईला त्यासाठीची चार बटणं पाठ होती. दुपारची भांडी आवरली की ती हात पुसत येऊन बसे आणि शो सुरू होई.

आता ती काही मागतही नव्हती. “ते गेले, टॉकीज बंद झाली,” एवढंच एकदा म्हणाली, दूध उतू गेलं म्हणून सांगावं तशा आवाजात. मग म्हणाली, तो कॉम्प्युटर जागा अडवतोय, कुणाला तरी देऊन टाका. धाकट्याने तत्परतेने जुनं सामान घेणारा माणूस ठरवला. तो आज संध्याकाळी येणार होता. हे कानावर आलं तशी थोरली सकाळच्या गाडीने येऊन थडकली.

धाकट्याचं फोनवर म्हणणं पडलं, ताई, एवढा खटाटोप कशाला, सगळं पेन ड्राइव्हवर घे आणि मोकळी हो. त्याचं चुकत नव्हतं. पण पेन ड्राइव्हवर फायली येतात, टॉकीज येत नाही. हे त्याला कसं सांगावं ते न कळून ती नुसतं “बघते” म्हणाली.

दुपारपर्यंत तिने जंग जंग पछाडलं. कॉम्प्युटर ठणठणीत होता. चित्रणं जागच्या जागी होती. ती टीव्हीकडे पाठवणारा प्रोग्रॅमही आपण इमानेइतबारे चालू असल्याचं सांगत होता. तिने वायफायचा डबा बंद करून पुन्हा चालू केला. टीव्हीतली सगळी सेटिंग्ज पुसून तो कोरा केला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा वायफायला जोडला. टीव्हीचं पालुपद एकच: एकही उपकरण सापडलं नाही.

भाजी निवडता निवडता आई म्हणाली, आधी जेवून घे, तो कॉम्प्युटर काही कुठे पळून जात नाही.

“आज संध्याकाळी तोच तर जातोय,” थोरली म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन बाबांच्या खुर्चीत बसली. खुर्ची त्यांच्या उंचीची होती. तिचे पाय जमिनीला टेकेनात. तिने ती खाली केली नाही.

तिथे बसून तिने आपल्या फोनवर टॉकीज शोधून पाहिली. तिथेही नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की हे आजचं नव्हे. तिच्या फोनवर टॉकीज कधीच दिसली नव्हती.

बाबांनी एकाच डब्यातून दोन वायफाय काढले होते. एकाचं नाव ‘केबिन’, दुसऱ्याचं ‘बाल्कनी’. घरची यंत्रं केबिनमध्ये, आल्यागेल्यांचे फोन बाल्कनीत. इंटरनेट दोन्हीकडे सारखंच, पण मध्ये भिंत. बाल्कनीतल्याला केबिनमधलं काही दिसायचं नाही. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये मालकालाही विचारून पाऊल टाकावं लागे, असा त्यांचा नोकरीतला नेम होता. तो त्यांनी घरीही लावला. लग्नानंतर माहेरी आली तेव्हा तिच्या फोनलाही त्यांनी बाल्कनीच दिली होती. लेक सासरी गेली की पाहुणी होते का, म्हणून ती फुरंगटली होती. तर म्हणाले, “बाल्कनीचं तिकीट महाग असतं, बाईसाहेब.”

तिने कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पाहिलं: केबिन. उठून बाहेर गेली, टीव्हीत पाहिलं: बाल्कनी.

टीव्ही बाल्कनीत बसवणारी कोण? तीच. एकदा नव्हे, दोनदा. तिला ठाऊक असलेला पासवर्ड तेवढाच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सकाळपासून.

आता केबिनचा पासवर्ड हवा. ती परत आत येऊन खुर्चीत बसली. बाबांच्या कॉम्प्युटरने तो ठिपक्यांआड जपून ठेवला होता. तिने शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली. इंग्रजी अक्षरांत, सलग, मध्ये जागा न सोडता लिहिलेलं ते लांबलचक प्रकरण तिने सावकाश मोठ्याने वाचलं.

“पंखा बंद करा.”

“मी कुठे लावलाय?” स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

थोरली खुर्चीतच हसत सुटली. खोलीतून उठताना पंखा तसाच चालू ठेवायची बाबांना खोड होती, आणि त्यावरून आईने त्यांना जन्मभर धारेवर धरलं होतं. आपण विसरूच शकणार नाही असे शब्द शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नसणार.

बाहेर येऊन तिने टीव्हीत केबिन निवडलं, एकेक अक्षर घातलं. आपला फोनही तिकडे हलवावा म्हणून बोट उचललं, मग राहू दिला. बाल्कनी काही वाईट नव्हती.

टीव्हीवर चक्र फिरलं, थांबलं, आणि पाटी आली. टॉकीज.

“आई, जरा बाहेर ये.”

आई आली आणि पाटीकडे पाहत राहिली. तिने पडदे ओढले, दिवा मालवला, लेकीच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि न बघता चार बटणं दाबली.

मोकळं मैदान. पन्नाशीची आई स्कूटर शिकतेय. “ब्रेक दाब,” बाबांचा आवाज आला, “अगं, तो हॉर्न आहे.” स्कूटर वळसा घालून थेट कॅमेऱ्यावर आली, चित्र हेलकावलं, आणि आभाळ, गवत, बाबांचे धावते बूट असं सगळं एकात एक मिसळून गेलं. आई आधी नाकातून हसली, मग मोकळी.

“पळाले बघ,” ती म्हणाली. “म्हणे मी शिकवतो.”

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. जुनं सामान घेणारा वेळेआधीच फाटकाशी पोचला होता, कॉम्प्युटर बाहेर आणून ठेवायला सांगत होता. थोरलीने तोंड उघडायच्या आत आईने फोनसाठी हात पुढे केला.

“शो चालू आहे,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “मध्यंतरात कर. आणि त्या माणसाला सांग, केबिनमध्ये आम्ही कुणाला सोडत नाही.”