नोंद क्रमांक आठशे चौदा

“आत्या, हे तू कधी बोललीस?” मी मोबाइल तिच्या कपाशेजारी ठेवला.

अकरा सेकंदांचा व्हिडिओ. माइकसमोर आत्या, आवाज खणखणीत: “मतदानाच्या दिवशी पाण्यात गुंगीचं औषध मिसळणार आहेत. घराबाहेर पडू नका.” खाली लिहिलेलं, ‘प्राध्यापिकेचा इशारा’.

“बोलले ना, परवाच्या व्याख्यानात,” आत्या म्हणाली. “अफवा कशी असते ते वाचून दाखवत होते. आधीचं वाक्य कापलंय.”

माझी आत्या विद्यापीठात अफवांवर संशोधन करते. निवडणुकीच्या काळात फिरणारे संदेश गोळा करायचे, दोघांनी एकमेकांचं न बघता प्रत्येकापुढे खरं, खोटं किंवा ‘सांगता येत नाही’ लिहायचं आणि मग ताडून पाहायचं. सुट्टीत हे काम मीही करते. माझी उत्तरं तिच्याशी दहात नऊ वेळा जुळतात, हे आमच्या वर्गात आता सगळ्यांना पाठ आहे.

नऊ वाजता विद्यापीठातून फोन आला. बाराला चौकशी समिती. तोवर पुरावा आणा, नाहीतर प्रकल्प बंद. सहा वर्षांचं काम.

“ऐकणारे सांगतील की,” मी म्हटलं.

“‘मला असं आठवतं’ याला मी स्वतः पुरावा मानत नाही. समितीने का मानावा?”

आजोबा कोपऱ्यात बसले होते. आजोबा म्हणजे आत्याचे वडील आणि आमच्या घरातलं अफवांचं मुख्य टपाल कार्यालय. गेल्याच महिन्यात आत्याने त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं.

“माझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “अख्खं व्याख्यान, बावन्न मिनिटं. पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर घेतलंय.”

आत्या त्यांच्याकडे वळली. “बाबा, मग आतापर्यंत कुणाला पाठवलं कसं नाही?”

“पूर्ण पाहिल्याशिवाय पुढे ढकलायचं नाही, असं तूच बजावलंस. दर वेळी विसाव्या मिनिटाला माझा डोळा लागतो, त्याला मी काय करू?”

बाराला आम्ही दोघं समितीच्या दाराबाहेर बाकावर बसलो. आतून आत्याचा आवाज येत होता, मध्येच आजोबांचा खोकला, तोही चित्रीकरणातलाच. दीड वाजता आत्या बाहेर आली आणि आमच्याशेजारी बाकावर बसली.

“चालू राहणार काम.”

माझ्या जिवात जीव आला. मी आजोबांना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा घसरला. “अगं, मोडशील मला,” ते म्हणाले, पण सोडवून घेतलं नाही.

घरी आल्यावर आत्याने तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ यादीत घातला. नोंद क्रमांक आठशे चौदा. तोवर तो दोन लाख लोकांनी पाहिला होता; आजोबांचा, समितीतल्या पाचांनी.

“यावर मला लिहिता येणार नाही,” ती म्हणाली. “मी त्यात आहे.” एक कागद तिने मला दिला. दुसरा, पहिल्यांदाच, आजोबांना.

मी एका शब्दात मोकळी झाले. आजोबांनी चष्मा पुसला, मला दिसू नये म्हणून कागदावर हात आडवा धरला आणि बावन्न मिनिटांचं व्याख्यान पहिल्यापासून लावलं.