सदतीस नंबर हजर

मी पाचवीच्या वर्गाचा हजेरीपट बोलतोय. बोलतोय कसला, कण्हतोय म्हणा. माझी शिवण उसवलीय, कोपरे दुमडलेत, आणि ज्या कामासाठी जन्माला आलो तेच मी धड केलं नाही. आता पडल्यापडल्या खरं काय ते सांगून टाकतो.

बाइंडरने मला शिवलं, लाल कापडाची पाठ दिली आणि सुट्टीभर मी शाळेच्या कपाटात राहिलो. तिथे जुने हजेरीपट होते. सगळ्यांत म्हाताऱ्याला वाळवी लागलेली, पण तोंडाचा पट्टा चालूच. "आमच्या वेळी चालता न येणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या पोरांची नावंच नसायची," तो सांगायचा. "आईबाप दारातूनच परत जायचे." त्याच्यानंतरच्या पटात अशी नावं होती, पण तांबड्या शाईने खोडलेली. पुढे शेरा, 'शाळेस योग्य नाही'. मग म्हणे आईबापांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि कायदा झाला. कायद्याने पोरांना शाळेत घेतलं; शाळेने त्यांना मागच्या अंगाला, अडगळीशेजारच्या खोलीत बसवलं. आणखी वीस वर्षं भांडल्यावर दुसरा कायदा आला. सगळी मुलं एकाच वर्गात बसतील, कुणाचंही नाव वगळायचं नाही.

"नशीबवान आहेस लेका," म्हातारा मला म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

नाव वगळलं नाही, हे खरं. माझ्या सदतीस नंबरवर एका मुलीचं नाव आलं. घरी तिला ठमी म्हणत. ती चाकांच्या खुर्चीत बसायची, आणि पाचवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी आई तिला जिन्यापर्यंत घेऊन आली, तेव्हा मी वर्गाच्या बाईंच्या हातात होतो.

मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, काहीतरी सोय होईपर्यंत घरीच अभ्यास करू द्या. नाव आहे ना पटावर? मग काळजी कसली?"

"वर्गच खाली आणा ना, सर. तुमचं ऑफिस केवढं मोठं आहे."

"अहो, असं कसं? सगळी घडी विस्कटेल."

ठमी घरी गेली. कायदा पाळला जातोय की नाही, हे वरचे लोक माझ्याकडे बघून ठरवत. अशा मुलांची हजेरी कमी दिसली की लगेच खुलाशाचं पत्र. म्हणून मुख्याध्यापकांनी बाईंना सांगितलं, "सदतीसपुढे 'ह' लावत जा. उगाच डोक्याला ताप नको." ह म्हणजे हजर. बाई वाईट नव्हत्या हो. बेचाळीस पोरं, दोन विषय जादा, घसा कायम बसलेला. पहिले दोन दिवस त्यांचा हात अडखळला, मग सवय झाली. मान खाली, नाव, ह. नाव, ह. मला लाज वाटायची, पण कागदाला कोण विचारतो?

सहा महिने गेले. ना जिना चढायची सोय झाली, ना वर्ग खाली आला. शेवटी आईने शिक्षण खात्याच्या कचेरीत तक्रार केली. शाळेने उत्तर धाडलं, 'सदर विद्यार्थिनी नियमित हजर असते, सबब तक्रारीत तथ्य नाही.' सोबत माझ्या पानांची प्रत. म्हणजे त्या पोरीच्या विरुद्ध साक्षीदार मीच! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सुनावणीला मला घेऊन या असा निरोप आला. सकाळची हजेरी उरकून बाईंनी मला काखोटीला मारलं. कचेरीत समोर आई, शेजारी खुर्चीत ठमी.

"पटच काय ते बोलेल, मॅडम. आम्ही काय बोलणार?" मुख्याध्यापक म्हणाले.

अधिकारी मॅडमनी चष्मा पुसला, पानं उलटली आणि त्या दिवसाच्या तारखेवर बोट ठेवलं.

"सदतीस नंबर तूच का गं?"

ठमीने मान हलवली.

"आज तू शाळेत आहेस, असं लिहिलंय इथे."

ठमी गोंधळली. "नाही हो. मी तर इथे आहे."

आई कडाडली, "सहा महिने माझी पोर खिडकीत बसून दुसऱ्यांची दप्तरं बघतेय, आणि तुम्ही 'ह' लावून मोकळे!"

बाईंना रडू फुटलं. "ती आज इकडे येणार हे ठाऊक होतं मला. तरी हात आपोआप चालला."

आठ दिवसांत वर्ग खाली आणायचा हुकूम निघाला. मला मात्र पुरावा म्हणून इथेच, कचेरीच्या कपाटात ठेवून घेतलं. शाळेचा शिपाई टपाल घेऊन येतो, इथल्या कारकुनाशी गप्पा मारतो, तेवढीच मला खबर. मुख्याध्यापक आता वरच्या मजल्यावर बसतात आणि जिना चढताना गुडघ्यांच्या नावाने शंख करतात. वर्गाला नवा पट आलाय.

परवा शिपाई सांगत होता, ठमीला ताप आला. बाईंनी तिचं नाव घेतलं, मान वर करून रिकामी जागा पाहिली आणि पुढे 'गै' लिहिलं. गैरहजर. संध्याकाळी तीन मैत्रिणी तिच्या घरी गेल्या, का आली नाहीस म्हणून विचारायला.

माझ्या पानांवर ठमीचे एकशे चोवीस 'ह' आहेत, आणि त्यांतल्या एकाही दिवशी तिची कुणी वाट पाहिली नव्हती. बाबांनो, हजेरी घेताना तेवढी मान वर करत जा. मी थकलोय. ते सगळे 'ह' खोडून टाका, आणि तो एक 'गै' मला द्या.