दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये

डोकं पेटीत घालून ते माझ्याशी काहीतरी बोलत होते आणि मी आपली "हो, हो" म्हणत होते.

पेटी अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडची होती, माझ्या कमरेइतकी उंच, पुढच्या अंगाला परातीएवढं गोल भोक. त्या भोकातून आमचे हे डोकं आणि एक हात आत घालून तारा जोडत होते. बाहेर उरलेला ऐवज म्हणजे पाठ, बूड आणि भोक पडलेले मोजे. तोंड दिसत नव्हतं. तोंड दिसलं नाही की मला अक्षरही कळत नाही, पण हे घरात फक्त मलाच माहीत होतं. माणूस पेटीत अडकून मागणार काय? एकतर बॅटरी, नाहीतर चहा. बॅटरी त्यांच्या हातात होती, म्हणून मी चहा टाकला. डोकं बाहेर काढल्यावर चहा बघून ते खूश झाले, आणि मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

हे असं चार वर्षं चाललं होतं. मी घरी शिवणकाम करते. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, सैल झालेलं घट्ट आणि घट्ट झालेलं सैल. गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलतं, बोटाने दाखवतं, त्यामुळे माझं कुठे अडलं नाही. हे लिफ्ट दुरुस्त करतात. अख्खी वस्ती त्यांना लिफ्टवाले म्हणूनच ओळखते. मागच्या वर्षी ते माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे आले होते. डॉक्टरांनी कागदावरची उतरती रेघ दाखवून सांगितलं की बारीक आवाज गेले आहेत, जाड आवाज अजून थोडे शिल्लक आहेत. यंदा मी एकटीच गेले. यंदाची रेघ उतरत वगैरे नव्हती, कागदाच्या तळाशी आडवी पडली होती. कानात घालायच्या यंत्राचाही आता उपयोग नाही, असं डॉक्टरांनी मला लिहून दाखवलं. घरी येऊन मी सांगितलं, "जैसे थे."

"मग झालं तर!" हे म्हणाले. "जाड आवाज आहेत ना तुझे? आपण जाडच आवाज मोठे करू."

"म्हणजे काय करणार?"

"सबवूफर. जाड आवाजाचे मोठे स्पीकर. दोन. आणि घरीच करणार, विकतचे नुसते घुमतात."

त्यानंतर अडीच महिने एकही रविवार आमचा राहिला नाही. आतली हवा किती लिटर हवी, याचं गणित त्यांनी कॅलेंडरच्या मागे तीनदा मांडलं. पेटीला हवा सोडायला नळाचा पाइप कापून बसवला. आतून कापूस लावायचा, तर माझ्या दोन उशा फाडल्या. लाकडाचा भुसा एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर बसला तेव्हा मी इतकी ओरडले की पेटी न लावताच खालच्या मजल्यावरच्या बाईंना आवाज गेला असेल. ते हसले. लग्नानंतर पहिल्या घरात आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता आणि एकच धड कॅसेट होती. त्यातल्या एका गाण्याच्या सुरुवातीला ड्रम वाजायचा. तो ड्रम मला पुन्हा ऐकवायचा, एवढ्यासाठी हा माणूस गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून लाकूड कापत होता. हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच त्या आडव्या रेघेचं सांगायला माझं तोंड उघडत नव्हतं.

चहाच्या दुसऱ्या दिवशी मी केर काढत होते. दोन्ही पेट्यांच्या मागून दोन-दोन काळ्या तारा लोंबत होत्या, लिफ्टच्या कामातून उरलेल्या, सगळ्या एकसारख्या. त्यातल्या एकीला लाल दोरा लटकत होता. लोंबता दोरा दिसला की माझा हात आपोआप कात्रीकडे जातो. हा धंद्याचा गुण, झोपेतसुद्धा जाणार नाही. कापला आणि मग दुसऱ्या पेटीकडे लक्ष गेलं. तिथेही एका तारेला तसाच लाल दोरा. म्हणजे ही खूण होती, आणि मी कापला तो कुठल्या तारेचा, हे आता ओळखू येईना. कसली ते त्यांना विचारायचं, तर ते म्हणणार, काल सांगितलं की तुला, तू हो म्हणालीस. मी दोरा उचलला आणि दोनपैकी एका तारेला बांधून टाकला. दोनच तर तारा होत्या, एक बरोबर असणारच.

रविवारी सकाळी उद्घाटन झालं. त्यांनी माझी खुर्ची खोलीच्या मध्यावर ठेवली आणि टेपने दोन्ही पेट्यांपासूनचं अंतर मोजलं. इंचाचा फरक नको म्हणून खुर्ची दोनदा सरकवली. "बस," म्हणाले, आणि स्वतः डाव्या पेटीला टेकून उभे राहिले.

मी बसले. पेट्यांचे काळे पडदे आतबाहेर होताना दिसत होते. त्यांचा पाय ठेका धरत होता. माझ्यापर्यंत काही आलं नाही. खुर्चीच्या हातांवर तळवे दाबले, चपला काढून पावलं फरशीवर टेकवली. काही नाही. एवढ्या दांडग्या दोन पेट्या आणि माझ्या अंगावर साधा काटाही नाही, म्हणजे आता सगळंच संपलं. त्यांनी भुवया उडवून विचारलं.

"अहो, छातीत बसतंय की!" मी म्हटलं आणि छातीवर हात ठेवला. "पार इथे!"

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी केलेल्या भाज्या फसल्या तेव्हाही मी वाहवा केली आहे, पण इतकं सफाईदार खोटं मी कधी बोलले नव्हते.

पुढे आठवडाभर रोज कामावरून आले की हात धुऊन ते गाणं लावायचे. मी खुर्चीत बसायचे आणि वेळेवर छातीवर हात ठेवायचे. वेळ त्यांच्या पायाच्या ठेक्यावरून कळायची. पुढच्या रविवारी आम्ही दोघं भाजी घेऊन येत होतो, तर खालच्या बाई जिन्यात भेटल्या.

"भाऊजी, मी तर धसकाच घेतला होता हो तुमच्या त्या पेट्यांचा," त्या म्हणाल्या. "पण खाली काही म्हणजे काही येत नाही. बरं झालं बाई."

दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणाला असता. हे मात्र पिशव्या दाराशी टाकून सरळ आत गेले, गाणं लावलं आणि माझ्या खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत ते त्या खुर्चीत एकदाही बसले नव्हते. उठून पेटीजवळ गेले, परत येऊन बसले. मग पेचकस घेऊन उजव्या पेटीची मागची पट्टी उघडली. मी कोथिंबीर निवडत उभी होते. माझे हात थांबले.

"हा दोरा मी बांधलाय?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं.

माझी गाठ बारीक असते, टोकं छाटलेली. त्यांची गाठ बैल बांधल्यासारखी. नाही म्हणायला जागाच नव्हती.

"सांगितलं होतं ना तुला, दोऱ्याला हात लावू नकोस म्हणून? दोऱ्याची तार प्लसला जाते म्हणून? हो म्हणालीस तू!"

त्यांनी बोटाने आधी एक पेटी दाखवली, मग दुसरी.

"एक पेटी हवा ढकलते तेव्हा दुसरी ओढतेय! मधल्या माणसाला शून्य. आणि मी मोजून मध्ये बसवलं तुला! तीस वर्षं झाली, वरचं बटण दाबलं आणि लिफ्ट खाली गेली, असं माझ्या हातून कधी झालं नाही." त्यांचे ओठ भराभर हलत होते आणि मधेच ते थांबले. मग फार सावकाश म्हणाले, "मग आठ दिवस छातीत काय बसत होतं गं?"

मी कोथिंबिरीकडे बघितलं. त्यांनी आणखी काही विचारलं असेल, तर ते मला दिसलं नाही.

त्यांनी तारा बदलल्या, पट्टी बसवली, मला खुर्चीकडे हाताने दाखवलं. त्या हातात राग होता. मी बसले आणि त्यांनी बटण दाबलं.

आणि आलं. आधी तळपायात, मग खुर्चीच्या पाठीतून बरगड्यांत. धप्, धप्. कोणीतरी आतून दार ढकलावं तसं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाहेरून काहीतरी माझ्यापर्यंत आलं होतं, आणि मला रडू फुटलं.

"आलं ना?" ते गुडघ्यावर माझ्यासमोर बसले. राग कुठच्या कुठे गेला होता. "आलं ना गं? खरं सांग."

फक्त हो म्हणायचं होतं. त्यांचे दिवस सुखात गेले असते, माझेही बहुतेक गेले असते.

"आलं," मी म्हटलं. "पण धक्का आला. गाणं नाही आलं."

"म्हणजे?"

"गाणं कुठलं लावलंय ते तुमच्या ओठांवरून कळतं मला. तुम्ही सोबत म्हणता ना."

त्यांनी मागे वळून पेट्यांकडे बघितलं.

"यंदाची रेघ आडवी आहे. काही राहिलेलं नाही," मी म्हटलं. "तुमचा आवाजसुद्धा नाही. मागच्या उन्हाळ्यापासून. तुम्हाला मिशी काढायला लावली ना, ती म्हातारे दिसता म्हणून नव्हे. ओठ झाकले जायचे."

त्यांचा हात वरच्या ओठावर गेला आणि तिथेच राहिला. फरशी माझ्या पायाखाली धपधपत होती. मग ते उठले, बटण बंद केलं, आणि सगळं थांबलं.

स्टूल ओढून ते माझ्यासमोर बसले, खिडकीकडे पाठ करून.

"इथे नको," मी म्हटलं. "तोंडावर उजेड घ्या."

ते उठले, माझी खुर्ची उलटी वळवली आणि पलीकडे स्टूल ठेवून, खिडकीकडे तोंड करून पुन्हा माझ्यासमोर बसले. मान खाली घालून काहीतरी बोलले.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

त्यांनी मान वर करून परत सांगितलं. ओठ थरथरत होते, मला धड कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी तोंड पुसलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून: "यापुढे. तुझ्याकडे. बघूनच. बोलेन."