व्हर्लीनच्या लग्नातलं डुक्कर

होबार्ट टिंडल शनिवारी सकाळी साडेसातला केंटकीत बहिणीच्या गावी पोचला. चर्चमागच्या मैदानाला लागून त्यानं पिकअप लावली, खाली उतरला, आखडलेले पाय झटकले आणि नाक वर करून हवेचा वास घेतला.

"मेंढी," तो म्हणाला. "आख्ख्या गावाला मेंढीचा वास मारतोय."

"एक्केचाळीस वर्षांनी आलास आणि तोंड उघडल्याबरोबर नावं ठेवलीस," व्हर्लीन म्हणाली. मग तिनं त्याला घट्ट मिठी मारली. त्याच्या शर्टाला ओक जाळल्याचा वास येत होता. बाबांच्या शर्टालाही तोच यायचा.

खरं तर तो वास आता फार दिवस टिकणार नव्हता. होबार्टच्या फुप्फुसांचा फोटो पाहून डॉक्टरनं त्याला धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. बाबांनी सुरू केलेली उत्तर कॅरोलिनातली डुक्कर भाजायची भट्टी त्यानं वसंतात बंद केली आणि बहिणीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघाला. बहिणीकडे दोन दिवस राहायचं आणि तिथून पुढे टेक्ससला जायचं, असा त्याचा बेत होता.

"टेक्ससला काय आहे?"

"गाईचं मांस. पन्नास वर्षं मी त्या लोकांना शिव्या घातल्या, ताई, आणि एक घास खाल्लेला नाही. मरण्याआधी खाऊन बघावं म्हटलं. निदान शिव्या तरी पुराव्यानिशी घालता येतील."

वाटेतही त्यानं एक ठिकाण सोडलं नव्हतं. आपल्याच राज्याच्या पश्चिम भागात थांबून त्यानं तिथलं खांद्याचं मांस खाल्लं होतं. ते लोक अख्खं डुक्कर भाजत नाहीत, नुसता खांदा भाजतात, आणि व्हिनेगरमध्ये टोमॅटो घालतात. टोमॅटो म्हणताना होबार्टचा चेहरा कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा झाला. टेनेसीत त्यानं कोरडा मसाला चोळलेल्या बरगड्या खाल्ल्या होत्या.

"कशा होत्या?"

"वाईट नव्हत्या," तो नाइलाजानं म्हणाला. "पण भाजणारा माणूस बडबड्या होता."

मैदानाच्या टोकाला सिमेंटच्या विटांच्या दोन लांबलचक भट्ट्या होत्या. त्यांच्यावर साठ-सत्तर मेंढ्यांच्या मांड्या, खांदे, पाठी पसरलेल्या. दोन्ही बाजूंनी माणसं उभी, आणि त्यांच्या हातात फरशी पुसायचे असावेत तसले लांब दांड्याचे पोछे. बादलीतल्या काळ्या पाण्यात पोछा बुडवायचा आणि मांसावरून फिरवायचा. या पाण्याला इथे डिप म्हणतात. व्हिनेगर, काळी मिरी, लिंबू आणि एक काळसर आंबट सॉस, एवढंच त्यात असतं. पलीकडे लोखंडी काहिलींत मक्याचं, कोंबडीचं आणि मेंढीच्या उरल्यासुरल्या मांसाचं कालवण रटरटत होतं. आज चर्चचं वर्षाचं गावजेवण होतं; दुपारी बाराला घंटा झाली की दोन हजार माणसं जेवणार होती.

व्हर्लीनला हे सगळं पाठ होतं. तिचा नवरा जेरार्ड त्या पोछेवाल्यांचा मुकादम होता, आणि त्याच्याआधी त्याचे वडील लायनस मॅटिंगली तीस वर्षं होते. सुरुवातीला तिलाही हा वास सहन व्हायचा नाही. मग हळूहळू तिला त्यातली संगती कळली. या भागात पूर्वी लोकरीसाठी मेंढ्या पाळत. लोकर द्यायची थांबलेली म्हातारी मेंढी चिवट आणि उग्र, ती भाजायची तर आग दांडगी हवी आणि वर सतत आंबट हवं. तिच्या माहेरी प्रत्येकाच्या दारात डुक्कर असायचं, कोवळं आणि चरबीचं, त्याला घाई चालत नाही. निखाऱ्यांवर रात्रभर झाकून ठेवायचं आणि शेवटी बारीक कुटून व्हिनेगर-मिरची घालायची. दोन्हीत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही, हे तिला तिशीतच पटलं होतं. ती मेंढी आवडीनं खायची.

सासऱ्यांचं मात्र वेगळं होतं.

त्यांचं तिनं सगळं केलं. सासू गेल्यावर रोजचा डबा पोचवला, डोळ्यांच्या ऑपरेशनला घेऊन गेली, त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाला केक केला. पण त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, असं एकदाही झालं नाही. कारण लग्नाच्या दिवशी तिनं जे पाहिलं होतं ते तिच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं.

लेकीच्या लग्नात आपल्या हातचं डुक्कर असावं म्हणून एल्मो टिंडल, तिचे बाबा, बर्फात घातलेलं अख्खं डुक्कर घेऊन सातशे मैल आले होते. सोबत एकवीस वर्षांचा होबार्ट. आदल्या संध्याकाळी त्यांनी याच मैदानात विटा रचून भट्टी केली. दुसऱ्या दिवशी लग्नाआधी तासभर, नवरीच्या पोशाखात हॉलच्या खिडकीशी उभी असताना व्हर्लीनला दिसलं की तिचा होणारा सासरा कोट काढून, बाह्या सरसावून, बाबांच्या डुकराच्या मांडीवर आणि खांद्यावर ते काळं पाणी पोछ्यानं फासतोय. आणि बाबा बाजूला टोपी हातात धरून उभे आहेत. केक कापायच्या आधीच बाबा निघून गेले. पुन्हा कधी केंटकीत पाऊल ठेवलं नाही. तीच दर नाताळला माहेरी जायची. विषय निघाला की बाबा उठून लाकडं रचायला जायचे. बारा वर्षांपूर्वी ते वारले.

होबार्ट आता भट्टीपाशी गेला होता. डॉक्टरचं म्हणणं विसरून त्यानं मांसावर हात धरला आणि मनात आकडे मोजले. तीनलाच हात मागे घेतला.

"केवढी ही आग! आपल्याकडे एवढ्या आगीत डुक्कर कोळसा होईल." मग तो जरा थांबला. "त्या दिवशी मात्र हीच आग उपयोगी पडली बघ."

"कुठल्या दिवशी?"

"तुझ्या लग्नाच्या. डुक्कर कच्चं राहिलं तेव्हा."

व्हर्लीनच्या हातात कॉफीचे दोन कप होते. ते तिनं हळूच विटांच्या कठड्यावर ठेवले.

"काय कच्चं राहिलं?"

होबार्टनं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नाही हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

"जेरार्डनं सांगितलं नाही तुला? कधीच? अगं, मला वाटलं एव्हाना..." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "आपलं ओक आम्ही आणलं नव्हतं. इथे मिळालं ते हिकरीचं लाकूड, आणि तेही ओलं. पहाटे पाऊस आला. निखारे धरेचनात. वरून कातडं असं सुंदर दिसत होतं, पण दहा वाजता बाबांनी मांडीत सुरी घातली तर हाडाशी लालभडक. तीनशे माणसं जेवायची दोन तासांवर. बाबा खाली बसले, ताई. चिखलात. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं."

"मग?"

"मग हे तुझे सासरे सहज चौकशी करायला आले. बघितलं. कोट काढला, आम्हाला हात द्यायला लावला, मांड्या आणि खांदे सोडवले आणि लग्नासाठीच भाजत असलेल्या मेंढ्या बाजूला सारून या आगीवर टाकले. आता एवढ्या आगीवर नुसतं मांस टाकलं तर जळणार, म्हणून वरून डिप. तासाभरात शिजलं."

"मी पाहिलं ते," व्हर्लीन म्हणाली. "मला वाटलं, त्यांनी बाबांच्या जेवणावर आपलं पाणी ओतलं. सगळ्यांसमोर."

"म्हणून तू त्यांच्यापासून लांब...?"

"हो. म्हणून मी."

एका पोछेवाल्यानं होबार्टला बाजूला व्हायला सांगितलं, तसा तो झाला.

"आणि तू का नाही बोललास, इतकी वर्षं?"

"बाबांनी परत जाताना गाडीत शपथ घातली होती. ते गेल्यावर वाटलं, तुझ्या घरातलीच गोष्ट, तुला माहीत असणार."

लायनस मॅटिंगली मेपलच्या सावलीत बसले होते. एक्क्याण्णव वर्षांचे, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यावर काठी आडवी. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना हाक मारून जात होता. व्हर्लीन तरातरा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. सोबत काही आणलं नव्हतं, ना कॉफी ना औषधाची गोळी, त्यामुळे म्हाताऱ्यानं चमकून वर पाहिलं.

"पॉप, माझ्या लग्नात डुक्कर कच्चं राहिलं होतं?"

लायनसनी उत्तर द्यायच्या आधी भट्टीकडे बघून घेतलं. होबार्ट त्यांना दिसला.

"भाऊ आला म्हणायचा."

"मी काय विचारतेय?"

"मांड्या कच्च्या होत्या," ते म्हणाले. "मधला भाग झकास होता. तुझ्या वडिलांचा दोष नव्हता त्यात. लाकूड माझ्याच वखारीतलं होतं. ओलं. मला बघायला हवं होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यांनी मागून घेतलं माझ्याकडून. कोठाराच्या मागे माझा हात धरला आणि म्हणाले, मिस्टर मॅटिंगली, तुमचे उपकार आहेत, फक्त माझ्या लेकीला कळू देऊ नका. तिला वाटतं, मला सगळं येतं. मी शब्द दिला. जेरार्डकडूनही घेतला."

"म्हणजे तुमचं दोघांचं तेव्हाच मिटलं होतं."

"आमचं कधी बिनसलंच नव्हतं, पोरी."

व्हर्लीनला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आला तो संताप.

"तुम्ही हात मिळवून मोकळे झालात," ती म्हणाली. "आणि भांडण मी सांभाळत बसले. एकटी. एक्केचाळीस वर्षं! तुम्हाला दिसत नव्हतं मी कशी वागते ते?"

"दिसत होतं."

"मग?"

"शब्द दिला होता," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी तेवढ्या ठामपणे नाही. काठी या हातातून त्या हातात घेतली. "पहिली काही वर्षं वाटायचं, निवळेल. नंतर वाटलं, आता सांगितलं तर तुला वडिलांचाही राग येईल आणि माझाही. त्यापेक्षा नुसता माझाच असलेला बरा. चुकलं असेल माझं. बर्निसही म्हणायची, की तू चुकतोयस."

बर्निस म्हणजे तिची सासू. म्हणजे तिलाही माहीत होतं. व्हर्लीननं आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी सोडून गेलेली घडीची खुर्ची होती. ती ओढून व्हर्लीन त्यांच्या शेजारी बसली.

लायनस भट्टीकडे बघत म्हणाले, "तो मधला भाग. पोटाचा आणि बरगड्यांचा. कातडं कुरकुरीत करून त्यात कुटून घातलं होतं. तसं मी पुन्हा कधी खाल्लं नाही. घरामागे दोन-तीनदा करून बघितलं, खांदा आणून. जमलं नाही."

"तुम्ही? डुक्कर?"

"कुणाला बोललो नाही. इथे मेंढीवाला म्हणून नाव आहे माझं."

"लाकूड खालीच जाळलं असणार तुम्ही, मेंढीसारखं."

"मग कुठे जाळायचं?"

"बाजूला. वेगळ्या पिंपात. ज्वाळ मांसाला दिसूच द्यायची नाही. निखारे झाले की फावड्यानं थोडे थोडे खाली सरकवायचे, मांड्यांखाली जास्त, पोटाखाली जवळजवळ नाहीच. आणि झाकण उघडून बघत बसायचं नाही. तुम्ही बघितलं असणार."

"दर पाच मिनिटांनी," लायनस म्हणाले. "मेंढीला बघावंच लागतं. पाठ फिरवली की जळते."

"डुकराला बघितलं की बिघडतं."

म्हातारा यावर विचार करत राहिला. खरोखरच विचार करत होता. कपाळाला आठ्या घालून, भट्टीकडे बघत.

"म्हणजे तुमच्याकडची माणसं धीराची," तो म्हणाला.

"आमच्याकडची माणसं गप्प राहणारी," व्हर्लीन म्हणाली. "तुमच्याकडचीही काही कमी नाहीत."

बाराला घंटा झाली. जेरार्ड हातातला पोछा टाकून आला, बायकोला बापाशेजारी बसलेली बघून जागच्या जागी थबकला, आणि तिच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं. "तुझ्याशी मी रात्री बोलणार आहे," एवढंच ती त्याला म्हणाली. तो मुकाट्यानं तिघांसाठी ताटं आणायला गेला.

होबार्टनं मेंढी खाल्ली. दोनदा मागून घेतली. वर म्हणाला, की डुक्कर नाही तर हे बार्बेक्यू नाही, पण जे काही आहे ते करणाऱ्याला येतंय. लायनसनी हे बोलणं मान झुकवून स्वीकारलं. मग दोघांनी ओक की हिकरी यावर तासभर वाद घातला आणि कुणीही हरलं नाही.

व्हर्लीनचा राग काही त्या दुपारी गेला नाही. पुढचे कितीतरी दिवस तो घरात इकडून तिकडे फिरत राहिला. कधी जेरार्डवर निघायचा, कधी स्वतःवर. सासऱ्यांचा डबा ती पोचवायचीच. आता मात्र त्यांचं जेवण होईपर्यंत बसायची. कधी भांडायची, कधी बाबांबद्दल विचारायची. ती दोन माणसं आयुष्यात एकदाच दोन तास भेटली होती, तरी म्हाताऱ्याला त्या दोन तासांतलं बरंच आठवत होतं. बाबांची सुरी कशी होती, त्यांनी डिपची चव घेऊन काय म्हटलं. मेंढीला हे बरोबर आहे, असं म्हणाले होते म्हणे.

दहा-बारा दिवसांनी टेक्ससहून होबार्टचा फोन आला. मागे ताटांचा आणि माणसांचा गलका होता.

"बाबांवर अजून राग आहे माझा," ती त्याला म्हणाली.

"असू दे. त्यांना आता त्याचा काही त्रास नाही. तुला झाला की सोडून दे."

"तू काय करतोयस?"

"खातोय. छातीचं मांस, बारा तास भाजलेलं. वर नुसतं मीठ आणि मिरी. सॉस मागितला तर वाढणारी बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, जसा काही मी तिच्या आईला बोललोय."

"आणि चव?"

पलीकडे होबार्टनं आणखी एक घास घेतला.

"फार चांगली आहे, ताई," होबार्ट खालच्या आवाजात म्हणाला. "फारच चांगली आहे. पण हे घरी कुणाला सांगू नकोस."

"सांगणार," व्हर्लीन म्हणाली. "आत्ताच्या आत्ता फोन करून सगळ्यांना सांगणार."