भालावाली वाट बघते

"काका, खेळणाऱ्यानं काहीच निवडलं नाही, तर भालावाली काय करते?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि भोंगा पैजेला नाही म्हणणाऱ्यातली नव्हतीच. वर्गात तिला सगळे भोंगाच म्हणायचे. गंमत म्हणजे वर्षभरापूर्वी फळ्यासमोर उभं केलं की याच भोंगाची बोबडी वळायची. मग एका व्हिडिओ गेमच्या नायिकेसाठी, म्हणजे या भालावालीसाठी, तिचा आवाज निवडला गेला आणि बाईसाहेब जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागल्या. आता तर गेमच्या दुसऱ्या भागासाठीही तीच हवी होती. होकार आई-बाबा उद्या फोनवर कळवणार होते.

काम मोठं मजेचं होतं. पडद्यावर तीन उत्तरं येतात, खेळणारा एक निवडतो आणि भालावाली ते बोलते. पण कोण काय निवडेल याचा नेम नाही, म्हणून भोंगाला तिन्ही बोलावी लागायची: एक दयेचं, एक धमकीचं, एक थट्टेचं.

"काय करणार? थांबते," रेकॉर्डिंगवाले काका म्हणाले. "खाकरते, उसासे टाकते, गुणगुणते. परवा नाही का ते आवाज घेतले आपण? ये, ऐक."

त्यांनी गेम लावला आणि हात मांडीवर ठेवले. पडद्यावर धुकं होतं. पुलावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "कोण तू?" खाली तीन उत्तरं उमटली. कोणी कशाला हात लावला नाही.

भालावाली खाकरली. तिनं उसासा टाकला. थोडं गुणगुणली. भोंगा खूश होऊन खुदकन हसली.

मग भालावाली तिच्याच आवाजात, अगदी हळू म्हणाली, "काल घरी कोण गेलं?"

भोंगा पडद्याकडे बोट दाखवून ओरडली, "काका, हे मी बोललेलं नाही!"

"मग काय मी बोललो? माझा गळा असा असता तर इथे बटणं दाबत बसलो असतो होय?" काका हसले. "यंत्र कधीकधी तुकडे जोडतं गं."

पण जोडायला तुकडे तर हवेत! भालावालीला घरच नव्हतं. अख्ख्या गोष्टीत तो शब्द भोंगानं एकदाही उच्चारला नव्हता. काकांनी नोंदी धुंडाळल्या, पुन्हा धुंडाळल्या, आणि मग त्यांचं हसू मावळलं. त्यांनी गेम बंद केला. तरी स्पीकरमधून कोणीतरी श्वास घेत असल्यासारखं क्षणभर वाटत राहिलं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "भूक लागली का गं?"

साधा प्रश्न. पण भोंगाच्या डोक्यात तीन उत्तरं एकाखाली एक येऊन उभी राहिली. एक गोड, एक फणकाऱ्याचं, एक टवाळ. तिन्ही तिचीच. ती थांबली. कोणीतरी निवडेल म्हणून थांबली.

ती खाकरली. तिनं उसासा टाकला.

"अगं, मिठाची गुळणी धरलीस का?"

"मोठ्या कलाकार त्या," बाबा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. "आता फुकट बोलायच्या नाहीत!"

भोंगा गुणगुणायला लागली. ते सूर परवाचेच होते, आणि तिला ते थांबवता येईनात. आईच्या हातातली घडी तशीच राहिली. बाबांनीही आता वर पाहिलं.

भालावालीचा आवाज सोडला तर पुन्हा फळ्यासमोर ततपप होईल, ही भीती होतीच. पण नाही सोडला तर? तर या घरात बोलणार कोण, ती की भालावाली?

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. सूर तुटले. मग हात काढून, जीभ अडखळत असतानाच, ती बोलली.

"आई, बाबा... दु-दुसऱ्या भागाला मी नाही म्हणणार आहे. आणि उद्याचा फोन तुम्ही नाही, मीच करणार."